न्या म्हणणारं माणूस

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गाव पाहिलेलं नाही. त्यांनी गावं फक्त संपवली आहेत. "माहूर संपवलं, नांदेड संपवलं, लातूर तर कवाच संपवलं," असं ते जेवून ढेकर दिलेल्या माणसाच्या समाधानानं सांगत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. अहमदपूरजवळच्या खेड्यात थोडी जमीन, दोन म्हशी आणि अंगात कुठून आली कोण जाणे अशी घाई. माहूरला आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गेलो, तेव्हा आम्ही रेणुकेच्या पायऱ्यांवर निम्म्यात धापा टाकत बसलो होतो आणि हे तोंडात देवीचा तांबूल धरून वरून खाली येत होते. "माझं दर्शन झालं. दत्ताच्या शिखराला जीप ठरवून ठेवतो, तुमचं जल्दी उरका," असं म्हणून ते पुढं गेलेसुद्धा. देवीनं तरी त्यांना नीट पाहिलं असेल का, अशी मला शंका आहे. इस्लापूरला उतरून सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेलो, तर त्यांनी कठड्याशी उभं राहून त्या एवढ्या थोरल्या पाण्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नजर टाकली, "पडून राहिलंय. उद्या बी पडंल. चला," म्हणाले आणि पाठ फिरवली. माझ्या बायकोनं धपाट्यांचा डबा नुकताच उघडला होता. तो तिला तसाच झाकावा लागला आणि ते तिनं त्यांना अजून माफ केलेलं नाही. नांदेडला एका लग्नाला गेले, तर सकाळच्या एसटीनं उतरून गुरुद्वारा, गोदावरीचा घाट आणि अक्षता हे सगळं उरकून दिवेलागणीला घरी म्हशीची धार काढायला हजर. नवरदेवाचा चेहरा कसा होता, हे मात्र त्यांना सांगता येईना.

अशा ह्या माणसाला जगात एकाच कामात घाई नव्हती. ते काम म्हणजे मुराळीपण. नागपंचमीच्या आधी सासरी जाऊन माहेरवाशिणीला घेऊन येतो तो मुराळी. खरं तर हे भावाचं काम. पण भावकीत कुणाचा भाऊ फौजेत, कुणाचा पुण्या-मुंबईकडे, कुणाला भाऊच नाही, त्यामुळे श्रावण लागला की सगळ्यांच्या लेकी आणायचं काम साडूंकडे येई. त्या कामाचा त्यांचा एक कायदा होता. इस्त्रीची टोपी घालायची, खण-नारळाची पिशवी मांडीवर धरायची, ओसरीच्या अगदी काठावर बसायचं आणि विचारायचं, "पोर पंचमीला नेऊ का?" त्या घरचं कुणी "न्या" म्हणेपर्यंत चहाला हात लावायचा नाही. घरची माणसं रानात गेलेली असली तर शेजारच्या जाणत्या माणसाला बोलवायचं आणि त्याच्या तोंडून "न्या" वदवून घ्यायचं. पण कुणीतरी म्हटलं पाहिजे. "न म्हणता नेली तर ती आणलेली न्हाई, काढून आणलेली," असं ते म्हणत आणि ह्यावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. उदगीरकडच्या एका विहीणबाईंनी खुरपणी चालू आहे म्हणून सुनेला सोडायचं साफ नाकारलं, तर ह्यांनी भिंतीला लावलेलं खुरपं उचललं आणि टोपीनिशी त्यांच्या रानात जाऊन सूर्य मावळेपर्यंत सोयाबीन खुरपलं. विहीणबाई ओशाळून बांधावर आल्या आणि म्हणाल्या, "न्या बाबा, पर आता उठा तिथून." साडूंनी सकाळपासून ताटकळलेला चहा मग तिथंच बांधावर मागवून घेतला. अशा वेळी त्यांच्याइतका भला माणूस तालुक्यात दुसरा नव्हता, असं मी तेव्हा म्हणत असे.

त्यांची स्वतःची एकुलती एक मुलगी शीतल लग्न होऊन पुण्याला गेली. जावई लातूरचेच, पण नोकरी पुण्यात. पहिल्या पंचमीला जावई तिला मोटारीतून घेऊन आले आणि माझ्या मेव्हणीनं ज्वारीच्या लाह्या आणि पुरणाचे दिंड गल्लीभर वाटले. नंतरच्या पंचमीला ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही येणं कठीण आहे असं फोनवर म्हणू लागली, तेव्हा साडू माझ्याकडे आले. गावभरच्या लेकी आणणाऱ्याची स्वतःची लेक दोन वर्षं माहेरी नाही, हे त्यांना फार लागलं होतं. "आता मीच जातो न्यायला. तुम्ही संगं चला. दोन दिसांत पुणं बी संपवू अन् पोर बी घेऊन येऊ," ते म्हणाले. मला तेव्हा कळलं की साठी आली तरी ह्या माणसानं नांदेड आणि लातूर ह्यापलीकडचं शहर पाहिलेलंच नव्हतं. मग तयारी सुरू झाली. पुण्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाला, अगदी ट्रॅव्हल्सच्या क्लीनरलासुद्धा, त्यांनी तिथं काय काय बघायचं आणि कशाला किती वेळ द्यायचा हे विचारून घेतलं. निघताना त्यांच्याजवळ दोन दिवसांचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि खण-नारळ एवढं सामान होतं. "शहरात जेवायला बसलं की टाइम जातो," हे त्याचं कारण.

शीतलनं मात्र बापाच्याही पुढची तयारी केली होती. आम्ही पोचलो, आंघोळी झाल्या, पोहे झाले आणि दारात गाडी येऊन उभी. पर्वती, शनिवारवाडा, गणपती, बाग, मेट्रो, मॉल, परत दुसरी बाग, असा तिनं दोन दिवसांचा कार्यक्रम ठरवलेला होता आणि त्यात पाय पसरायलाही जागा नव्हती. जावई कंपनीच्या कामानं बाहेरगावी आहेत, निघायच्या आधी येतील, असं तिनं सांगितलं आणि साडूंनी "हाव, कामाचं आधी" म्हणून ते मान्य केलं. लेक आपल्यासारखीच निघाली म्हणून ते खुशीत होते. पर्वती त्यांनी एका दमात संपवली. शनिवारवाड्याच्या दारासमोर मात्र ते थबकले, आत गेले, इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "एवढं मोठं दार, अन् आत नुसती जोती! मग दार कामून ठेवलं म्हणायचं?" मेट्रोत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून उतरल्यावर, "गाव कुठं हाय?" असं विचारलं. मॉलमध्ये सरकत्या जिन्याच्या तोंडाशी त्यांनी वाकून पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मग चढले. इथं बघायचं काय असं त्यांनी विचारलं, शीतल म्हणाली की वस्तू विकत घ्यायच्या असतात. "मग हा बाजारच की! आधी सांगायचं, पिशवी आणली असती." शीतल इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं नव्हतं, हे मला पुढं कळलं. तिनं आम्हाला सगळं पुणं दाखवलं, फक्त स्वतःच्या घरात घटकाभर निवांत बसू दिलं नाही. बाहेरून दमून यायचं, जेवायचं आणि झोपायचं. पाहुणा थोड्या वेळासाठी आला असला की त्याचा एकेक क्षण कसा भरून काढता येतो, हे तिनं बापाकडूनच उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघायच्या तयारीला लागलो. शीतलची बॅग भरून दाराशी ठेवलेली. बापू स्वतः न्यायला येतात म्हटल्यावर तिनं चार दिवसांची रजा काढली होती, आईसाठी साडी घेतली होती आणि घरात इकडून तिकडं ती लहान मुलीसारखी वावरत होती. साडूंनी टोपी घातली, खण-नारळाची पिशवी मांडीवर घेतली आणि सोफ्याच्या अगदी काठावर जाऊन बसले. तिनं चहा पुढं ठेवला. त्यांनी हात लावला नाही. "जावयाला यिऊ दे," ते म्हणाले. ती म्हणाली, त्यांना उशीर होईल, आपण निघू. "मग फोन लाव. फोनवर न्या म्हटलं तरी चालतंय मला." शीतलनं फोन हातात घेतला आणि नुसता धरून राहिली. "बापू, मी म्हणते ना, चला. मीच सांगते, मला न्या." साडू हसले. "तू कशी सांगशील येडे? तू तर येणारी हाईस. न्या म्हणणारं माणूस येगळं लागतंय." तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. तेव्हा गाडीची वेळ होत आली म्हणून ते उठले, तिला काही कळायच्या आत दार उघडून समोरच्या फ्लॅटची घंटी वाजवली, आणि दार उघडणाऱ्या वयस्कर बाईंना टोपीला हात लावून म्हणाले, "बाई, आम्ही हिचे वडील. घरधनी घरी न्हाईत, म्हणून तुम्हाला इचारतो. आमची पोर पंचमीला नेऊ का?"

त्या बाईंना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांना भरून आलं. "अहो, विचारताय काय? खुशाल घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मिस्टर घर सोडून गेले त्याला वर्ष होत आलं. एकटीच असते बिचारी. माहेरचं कुणी आलेलं आज पहिल्यांदा बघतेय मी. न्या, चांगली महिनाभर ठेवून घ्या." त्या अगदी मनापासून बोलत होत्या. साडूंना "न्या" मिळालं होतं.

ते परत येऊन सोफ्यावर बसले. शीतलनं मग सगळं सांगितलं. जावयांनी दुसरीकडे संसार मांडला होता, वकिलाकडे कागद चालले होते, आणि बापूंना पुण्यात चार ठिकाणं बघून आनंदानं परत जाऊ द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. माहेरी चार दिवस राहायचं, आईच्या हातचं खायचं, मग हळूच आईच्या कानावर घालायचं. साडू बराच वेळ दाराकडच्या बॅगेकडे बघत होते. "बॅग आत ठेव," ते शेवटी म्हणाले. "पंचमीला आलेली पोर माघारी जाती. तू कुणाच्या घरी माघारी जाणार, म्हणून इचारलं कुणी, तर काय सांगू मी?" ती म्हणाली, "माझ्या घरी, बापू. हे माझंच घर आहे." मला राहवेना. मी म्हणालो, "अहो, उचला ती बॅग. लोकांचं काय ते मी बघतो." त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "तुम्हाला पोरगी न्हाई." मला तेव्हा त्यांचा संताप आला आणि खरं सांगायचं तर तो अजून उतरलेला नाही. जावयाचा राग येतोच. पण तो परका होता. ज्या माणसानं दुसऱ्याच्या लेकीसाठी भर उन्हात शेत खुरपलं, त्याला स्वतःच्या लेकीची भरलेली बॅग उचलता आली नाही. शीतल खाली सोडायला आली नाही. दारातूनच मला म्हणाली, "काका, त्यांना गाडीत खिडकीशी बसवा, त्यांना मळमळतं." चहा तसाच राहिला होता.

अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो तोच पहिला ओळखीचा माणूस भेटला. पोरगी आली नाही का, त्यानं विचारलं. "रजा न्हाई मिळाली," साडू म्हणाले. तेच त्यांनी गल्लीत सांगितलं, भावकीत सांगितलं आणि लाह्या फोडत बसलेल्या स्वतःच्या बायकोलाही सांगितलं. मेव्हणीनं त्या साऱ्या लाह्या शेजारणीला देऊन टाकल्या. खरी हकिगत तिला माझ्या बायकोकडून कळली, तेव्हा तिनं महिनाभर नवऱ्याशी अबोला धरला. साडू मात्र पुण्याबद्दल बोलत सुटले. माहूर चार शब्दांत सांगणारा हा माणूस पारावर बसून मेट्रोचे दरवाजे कसे उघडतात, मॉलमधला जिना कसा सरकतो, बागेत झाडांना नावांच्या पाट्या कशा लावल्यात, हे तासन्‌तास सांगू लागला. ऐकणारे कंटाळून उठून जात, तरी हे थांबत नसत. थांबलं की कुणीतरी पुढचं विचारील, ह्याची त्यांना धास्ती होती.

शीतलचे कागद मग रीतसर झाले. गावाला कळायचं ते कळलं, चार दिवस बोलणं झालं आणि लोक आपापल्या कामाला लागले. ज्या लोकांना साडू एवढे भ्याले, त्यांना एवढंच करायचं होतं. ह्या वर्षी श्रावण लागला तेव्हा भावकीतले दोघंतिघं नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून सगळ्यांना परत पाठवलं. पंचमीच्या आदल्या आठवड्यात मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. ओसरीवर ते फोन हातात घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात. बसा." मग त्यांनी शीतलला फोन लावला, आणि ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा करून ठेवला. तिकडं पाऊस आहे का, जेवलीस का, असं बरंच इकडचं तिकडचं झालं. मग ते ओसरीच्या अगदी काठावर सरकले. मला वाटलं, उठतायत. तेवढ्यात ते म्हणाले, "पोरी, पंचमीला नेऊ का म्हणून इचारायचं होतं. आता कुणाला इचारू?"

"मला विचारा, बापू."

"मग तुलाच इचारून राहिलो," ते म्हणाले. त्यांनी शेजारी ठेवलेली टोपी घेऊन डोक्यावर घातली, ती फोनमधून तिला दिसणार नव्हती तरी. "येऊ का न्यायला?"

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग शीतल अगदी मायेनं, समजूत घातल्यासारखं बोलली, "यंदा रजा नाही हो मिळाली, बापू."

"हाव, हाव," साडू म्हणाले. "कामाचं आधी बघ." फोन त्यांनी खाली ठेवला. आतून मेव्हणीनं काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि त्यांनी मला खूण केली की तुम्हीच सांगा.