बुजवलेली दोन भोकं

आठवीनंतर शाळा सुटली आणि कुडाळकडून मी थेट अकोल्यात येऊन पडलो. कपाशीवर फवारायची विषारी औषधं ठेवतात त्या गोदामात काम मिळालं. तिथल्या मेस्त्रींनी शिकवलं, पातळ माल खालच्या फळीवर, भुकटी वरच्या. आग पकडणारा माल वेगळ्या भिंतीला. आणि रिकाम्या ड्रमाला पहारीनं भोकं पाडल्याशिवाय तो फाटकाबाहेर जाता कामा नये. अकोल्यात नळ कधी येईल याचा नेम नसतो. निळा ड्रम दिसला की माणसं पाणी भरायला मागतात. फाटकाशी एखादी बाई म्हणायचीच, "चांगल्या ड्रमाले भोकं कावून पाडतं रे? तुह्या बापाचं काय जाते?" मी खाली मान घालून पहार मारायचो. बुडाशी बाजूला दोन, अगदी शेजारीशेजारी. ही माझीच पद्धत.

एकट्या परक्या पोराला खोली कोणी देईना, ती खालांनी, म्हणजे गल्लीतल्या मुसलमान मावशींनी, दिली. खाला शिवणकाम करायच्या. घरात सून आणि रांगती नात. मी तापानं फणफणलो तेव्हा माझ्या कपाळावर पट्ट्या खालांनीच ठेवल्या.

एका उन्हाळ्यात कामावरून आलो तर अंगणात निळा ड्रम, काठोकाठ भरलेला. खाला खुशीत. "भंगारवाल्याकडून आणला, बेटा. साबणानं घासून घेतला."

मी वाकून पाहिलं. बुडाशी भोकं बुजवलेले पांढऱ्या पुट्टीचे दोन गोळे, शेजारीशेजारी. ड्रमावर नाक नेलं, तर गोदामातला तोच गोडसर वास. सून नातीच्या अंघोळीला त्यातूनच बादली भरत होती.

बोललो तर खोली जाईल, असं वाटलं. तरी बोललो. "खाला, हे पाणी बाळाला नको. हा ड्रम औषधाचा आहे. भोकं मीच पाडलीत."

"इतक्या दिसानं नळ आला, अन् तू पाणी सांडायले सांगून राहिला?"

"प्लास्टिकात मुरतं ते. घासून जात नाही."

"तुले वासाचा भरम झाला. दिवसभर त्यातच राह्यतं ना तू."

असेलही. पण मी सुनेच्या हातातली बादली धरून राहिलो.  शेवटी खालांनी सुनेला हात लावायला सांगितलं आणि ड्रम लवंडला. एवढं पाणी मोरीतून जाताना कोणीच तिकडं पाहिलं नाही.

खोली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ड्रम कापायला मी करवत मागून आणली, तर ड्रम जागेवर नव्हता.

"भंगारवाल्याले वापस देला," खाला म्हणाल्या. "आता तरी सुखानं झोप."

त्यांनी ते माझ्यासाठीच केलं होतं. मी करवत ठेवून भंगारवाल्याकडं धावलो.

भंगारवाला हसला. "ड्रम? उन्हाळ्यात इथं टिकते का तो? सकाळीच गेला." कोणी नेला, ते त्याला आठवत नव्हतं.

आता मेस्त्रींना सांगून मी ड्रम उभे चिरतो. पण तो एक सुटलाच. सुट्टीच्या दिवशी गल्ल्यांतून हिंडतो, दारातल्या ड्रमांची बुडं पाहतो. परवा एका अनोळखी दारात असाच वाकलो होतो. घरातल्या बाईला वाटलं, उन्हानं घेरी आली. तिनं ड्रमातून गिलास भरून पुढं केला. "घे बापू, पाणी पे."

मी आधी वास घेतला. ते तिनं पाहिलं. गिलास माझ्या हातातून काढून घेतला आणि दार लावलं.

पाण्याला वास नव्हता, असं मला वाटतं. ड्रमाची जी बाजू पाहायची राहिली, ती भिंतीकडं होती.