कडक हाय रे, बारक्या

आमच्या कॉलेजातली पोरं दिवसभर एकच शब्द वापरतात. चहा कडक, मोबाईल कडक, एखाद्याचा नवा शर्ट कडक. मी त्यांना पदार्थविज्ञान शिकवतो. एखादा प्रयोग पहिल्या फटक्यात जमला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "कडक, सर!" परभणीत इतकी वर्षं हे ऐकून त्या शब्दाचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यातून पार पुसला गेला. तो अर्थ आमच्या घरचा होता आणि तो विसरायचा मला काही अधिकार नव्हता.

घर सेलूचं. थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, सप्ताह, जयंती, उरूस, निवडणूक, जिथे चार माणसं जमतील तिथे दादाचे भोंगे झाडाला बांधलेले असायचे. इतर लोक माईक हातात आला की 'हॅलो हॅलो' करत सुटतात. दादा तसं कधी करायचा नाही. तो माईकपाशी तोंड नेऊन शांतपणे म्हणायचा, "सेलू-सोनपेठ, सोनपेठ-सेलू." लोकांना वाटायचं, हा एसटीची घोषणा करायलाय. एका लग्नात तर एक म्हातारी खरोखरच पिशवी घेऊन उठली होती.

दादाचा हिशोब वेगळा होता. आवाज बिघडला की तो सगळ्यात आधी 'स'मध्ये बिघडतो. भोंग्यातून 'स'ची शिट्टी निघाली, ती सुईसारखी कानात गेली, की दादा तोंड वाकडं करून म्हणायचा, "कडक हाय." मग ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटन केसभर मागे घ्यायचा, पुन्हा सेलू-सोनपेठ, पुन्हा केसभर मागे. शेवटी मान हलवायची आणि म्हणायचं, "आता नरम आला." दुकानात कडक म्हणजे तक्रार आणि नरम म्हणजे पसंती. आईसुद्धा रेडिओ कर्कश लागला की स्वयंपाकघरातून ओरडायची, "कडक झालाय, नरम करा त्याला."

दुनियेच्या कानांची एवढी काळजी करणाऱ्या या माणसाने स्वतःचे कान मात्र भोंग्यांच्या हवाली केले. पुढे डीजे आले, भोंगे गेले, दुकान बंद झालं. तोवर त्याच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी कायमची मुक्कामाला आली होती. बोललेलं त्याला कमी ऐकू यायचं, आणि ताट हातातून पडलं तर कान धरून बसायचा. परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा कानांना हळू आवाज येत नाही आणि मोठा सोसत नाही.

मला हेडफोनचं वेड लागलं ते पन्नाशीच्या उंबऱ्यावर. या वयात लोक पोथी धरतात किंवा प्लॉट घेतात. मी परदेशी बनावटीचा, बायकोला किंमत सांगता येणार नाही असा हेडफोन घेतला आणि सोबत एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्यांदा लावला तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. तबल्यावरचं एकेक बोट वेगळं, गाणाऱ्या बाईने घेतलेला श्वास वेगळा. सगळ्याला अशी धार होती की इतकी वर्षं आपण गोधडीतून गाणी ऐकत होतो असं वाटलं. धार म्हणजे स्पष्टपणा, असं मी धरून चाललो. पदार्थविज्ञानाच्या माणसाने अशी चूक करू नये, पण नव्या नवलाईत विज्ञान कोणाला आठवतं?

त्याच सुमारास दादा डॉक्टरला दाखवायला परभणीला आला. दवाखान्यातून परत येताच मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, त्याची टोपी काढून ठेवली आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. एक जुनं भावगीत लावलं. दादाने डोळे बारीक केले, दोन ओळी ऐकल्या आणि हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

"लय कडक हाय रे, बारक्या."

मी हरखलो. उभा जन्म आवाजात काढलेल्या माणसाने पावती दिली होती. तो आणखी काही सांगणार होता, त्याने हातही उचलला होता, बटन मागे फिरवतात तसा. मी बोलू दिलं नाही. हेडफोन, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी सगळं खोक्यात भरलं आणि म्हणालो, "महिनाभर घेऊन जा. घरी निवांत ऐक." तो नको नको म्हणत होता. मी ते खोकं त्याच्या मांडीवर ठेवून त्याला सेलूच्या गाडीत बसवूनच परतलो.

महिन्याने रविवारी सेलूला गेलो. वहिनी ओसरीवर कापसातली सरकी काढून वाती वळत बसली होती. दादा शेजारी हेडफोन लावून, डोळे मिटून. मला बघून त्याने हेडफोन काढला आणि हसला. मला बरं वाटलं. कानावरच्या गाद्या घामाने मळल्या होत्या, म्हणून पुसायला मी त्या काढल्या, तर आत कापूस! पिंजून पिंजून जाळीसारखा पातळ केलेला, बरोबर गोल कापलेला, दोन्ही बाजूंना एकेक चकती. वहिनीच्या वातींतलाच.

माझं डोकं फिरलं. "हे काय केलंस?"

"जरासा कापूस घातलाय," दादा म्हणाला. "आवाज टोचायलाय ना. तुला तवाच म्हनलो व्हतो, कडक हाय म्हणून. कापसानं 'स' दबतो, बाकी काय बी कमी व्हत न्हाई. ऐकून तर बग."

मी ऐकायला हवं होतं. हेडफोन हातातच होता. त्याऐवजी उचलली जीभ लावली टाळ्याला. "भोंग्यापाशी बसून बसून कान घालवून बसलास, तुला काय कळतंय ट्रेबलमधलं? वस्तू कोणती, करायलास काय!"

वहिनीच्या हातातली वात तशीच राहिली. दादा मात्र चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "बराबर हाय तुझं," एवढंच म्हणाला. मी ओढून काढलेला कापूस सतरंजीवर पडला होता, तो त्याने बोटाने टिपून टिपून तळहातावर गोळा केला आणि वहिनीच्या टोपलीत परत टाकला. मी खोकं घेऊन निघालो. चहा झाला होता, तोही घेतला नाही.

गाडी मानवत रोडला थांबली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला तवाच म्हनलो व्हतो. त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून दादा माझ्या विद्यार्थ्यांच्या भाषेत बोलत नव्हता, आमच्या दुकानाच्या भाषेत बोलत होता. मी त्या दुकानात वाढलो. त्या भाषेवर माझ्याइतका हक्क दुसऱ्या कोणाचा नव्हता, आणि नेमका मीच तिचा अर्थ उलटा लावला. पुढच्या स्टेशनावर उतरून परत जायचं मनात आलं. उतरलो नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मी ताठ होतो, ही माझी जुनी खोड आहे.

कापूस काढलेला हेडफोन घरी आला. तीन आठवडे गेले असतील, मला गाणी नकोशी व्हायला लागली. अर्ध्या तासात कपाळ ठणकायचं. गाण्यातला प्रत्येक 'स', प्रत्येक 'श' सुईचं टोक घेऊन यायचा. 'सखी' म्हटलं की टोचलं, 'साजणी' म्हटलं की टोचलं. सवयीनं धार बोथट होईल म्हणून मी वाट पाहिली, ती वाढतच गेली. नवलाई उतरल्यावर मला तेच ऐकू आलं जे दादाला दोन ओळींत ऐकू आलं होतं, आणि तेही त्या कानांनी.

मग मी वाचायला लागलो. कळलं ते असं. हेडफोनचा स्वतःचा विद्युत अडथळा असतो, तसाच थोडा अ‍ॅम्प्लिफायरचाही असतो, आणि या दोघांचं एकमेकांशी कसं जमतं त्यावर आवाजाचा तोल बदलतो. माझ्या हेडफोनचा अडथळा खर्जाच्या भागात टेकडीसारखा चढलेला होता. ज्याचा स्वतःचा अडथळा जरा जास्त आहे अशा जुन्या पद्धतीच्या व्हॉल्वच्या अ‍ॅम्प्लिफायरला तो जोडला, तर नेमका खर्ज भरून येतो आणि वरचं टोचणं त्यामानाने मागे सरतं. पोरांना हे मी फळ्यावर पाच मिनिटांत शिकवू शकतो. मला शिकायला दोन वर्षं लागली.

कारण वाचल्यावरही मी वाकड्या वाटेनेच गेलो. आधी जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर आणला, त्यावर 'स' आणखी टोकदार झाला. दुसरा आणला तो इतका सरळमार्गी की हेडफोनचा एकही दोष झाकेना. तिसऱ्याने ट्रेबल दाबला, पण गाण्याचा जीवही घेतला. एक आणायचा, आधीचा विकायचा, असं चाललं होतं. बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "पत्रिका जुळवायलात का काय? एवढी स्थळं तर माझ्या बाबांनीही पाहिली नव्हती." मी हसलो. तिला खरं सांगितलं नाही. मला आवाज जुळवायचा होताच, पण त्याहून जास्त, जुळलेला आवाज घेऊन सेलूला जायचं होतं. दादापुढे तो ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, तुझंच खरं होतं. 'चुकलो' हे तीन अक्षरी काम होतं. ते हात हलवत जाऊन करता आलं असतं. मी त्यासाठी यंत्र शोधत बसलो. आज सगळ्यात जास्त पश्चात्ताप होतो तो याचाच. रागाच्या भरात बोललो त्याला निदान रागाचं निमित्त तरी होतं. या दोन वर्षांना कसलंच निमित्त नव्हतं.

मध्ये वहिनीचे फोन यायचे. "भाऊजी, त्यांना आता कानाच्या मशीनशिवाय ऐकूच येत न्हाई." नंतर, "मशीन लावून बी कमीच येतंय." मी म्हणायचो, येतो, पुढच्या महिन्यात येतो. सणावारी गेलो तेव्हाही आवाजाचा विषय मी काढला नाही आणि त्यानेही नाही. पूर्वी आम्ही दुसरं काही बोलतच नसू.

शेवटी नांदेडच्या एका गृहस्थांकडे हवा तसा अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. वर दोन व्हॉल्व, चालू केला की हळूहळू लालसर तापणारे. दादाच्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरलाही असेच व्हॉल्व होते, तो त्यांना दिवे म्हणायचा. त्यावर तेच भावगीत लावलं. 'सखी' आली आणि अलगद गेली. धार होती, टोचणं नव्हतं. मी एकटाच खोलीत मोठ्याने म्हणालो, "नरम आला."

दुसऱ्याच दिवशी सेलू गाठलं. दादा ओसरीवर होता. वाळला होता, पण हसला तसाच. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, 'नवीन अ‍ॅम्प्लिफायर. तू ऐक.' त्याने कानातलं मशीन काढून वहिनीच्या हातात दिलं. व्हॉल्व बघून त्याचे डोळे चमकले. त्याने तळहात त्यांच्यावर धरून ऊब पाहिली. "दिवा तापू दे आधी," म्हणाला. मी तापू दिला. मग आवाज त्याला सोसेल इतकाच ठेवला, गाणं सुरू केलं आणि हेडफोन त्याच्या डोक्यावर नीट बसवला.

त्याने डोळे मिटले. मान हलायला लागली. एक बोट मांडीवर ठेका धरायला लागलं. थोड्या वेळाने तो डोळे न उघडताच म्हणाला, "सेलू-सोनपेठ बराबर आलंय. लय नरम. जमली बग तुझी जोडी."

मला रडू फुटलं. "दादा, चुकलो रे मी," असं म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही हे मला कळत होतं, तरी म्हणालो. डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून हात खाली नेला, तर बोटांना काहीतरी गार लागलं. हेडफोनची पिन होती. ती सतरंजीवर, माझ्या मांडीशेजारी पडली होती. गाणं सुरू करायच्या गडबडीत मी ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडलीच नव्हती.

वहिनीने ते पाहिलं आणि मान फिरवली. मी आवाज न करता पिन जोडली. आता गाणं खरोखर त्याच्या कानावर चालू झालं असणार. दादाच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. मान तशीच हलत होती, बोट त्याच चालीने मांडीवर पडत होतं. मी आवाज थोडा वाढवला, आणखी थोडा वाढवला, मग भीती वाटून हात मागे घेतला.

भावगीत संपायच्या आधीच त्याने हेडफोन काढला आणि आंघोळ घातलेलं पोर द्यावं तसा दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत दिला. पिन जोडलेली नव्हती हे त्याला ठाऊक होतं का, मी विचारलेलं नाही. विचारायचं तरी कागदावर लिहून विचारावं लागेल, आणि ते वाक्य माझ्याच्याने लिहवणार नाही. त्याने फक्त वहिनीच्या टोपलीकडे बोट दाखवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "आता कापूस लागत न्हाई बग, बारक्या."