निघाल्याची वेळ

मला फसवलं ते करखात्यातल्या एका साहेबांनी. मी दिवसभर त्यांच्या दाराबाहेर बसलो होतो आणि त्यांनी आदेशात लिहिलं, 'संधी देऊनही व्यापारी हजर राहिला नाही.'

माझा धंदा लोखंडाचा. सळ्या, अँगल, पत्रे. सुरुवात सायकलवर खिळे विकून झाली. आज कन्हानला दुकान आहे, नंदनवन वस्तीत घर आहे. बुटीबोरीहून माल आला की ट्रक रिकामा करण्याआधी मी तो आमच्याकडच्या धर्मकाट्यावर पुन्हा तोलून घेतो. ड्रायव्हर शिव्या घालतात. घालू द्या. विकणाऱ्याच्या वजनावर मी आजवर विश्वास ठेवला नाही, आणि काट्याची एकही पावती फेकली नाही.

म्हणून नोटीस आली तेव्हा घाबरलो नाही. आरोप असा, की एका कारखान्याकडून मी नुसती बिलं घेतली, माल आलाच नाही. म्हणजे मी बोगस. पावत्यांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि सुनावणीला गेलो.

फाटकावर चौकीदारानं रजिस्टर पुढे सरकवलं. तिथली रीत अशी, की आत जातानाच येण्याची आणि निघण्याची, दोन्ही वेळा लिहून टाकायच्या. वरपासून खालपर्यंत प्रत्येकाचं काम पंधरा मिनिटांत आटोपलेलं!

"निघायच्या आधी निघाल्याची वेळ कशी लिहू?"

"सगळेच लिहितात, काकाजी. तुम्हीच काहून भांडून राहिले?"

"मी खोटं वजन घेत नाही, खोटी वेळ लिहीत नाही."

"मग जाताना लिहा. माह्या डोक्याले ताप नको."

आत शिपायानं बाकावर बसवलं. साहेब मीटिंगमध्ये होते. मग जेवायला गेले. मग पुन्हा मीटिंग. मी दोनदा आवाज चढवला, दोनदा पाणी मिळालं. सहा वाजता शिपाई म्हणाला, "साहेब गेले. पुढची तारीख पोर्टलवर येईल." परतताना चौकीदारानं रजिस्टर ढकललं. मी लिहिलं, सहा दहा.

तारीख आली नाही. थेट आदेश आला.

मी माझ्या सीएवर ओरडलो. तो शांत माणूस. म्हणाला, "अपील करू. पण तुम्ही तिथे होतात, हे दाखवायला काय आहे?" काही नव्हतं. बाकावर बसल्याची पावती कोणी देत नाही.

घरी बायकोला सगळं पुन्हा सांगितलं, चौकीदारासकट. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मग त्याच्या रजिस्टरात तुमचं भांडण लिहून असन ना?"

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. बऱ्याच दिवसांनी त्या पानाची झेरॉक्स मिळाली. आलो दहा पन्नासला, गेलो सहा दहाला, माझ्या वाकड्या अक्षरात.

अपिलाच्या अधिकारी एक बाई होत्या. पान बघून म्हणाल्या, "एवढा वेळ थांबलेले तुम्ही एकटेच दिसता."

"बाकीचे घाईत होते, मॅडम."

त्या हसल्या. मग त्यांनी एकेक पावती हातात घेऊन बघितली. कारखान्यानं वजन दिलेलं असताना पुन्हा काटा कशाला, हेही विचारलं. मी सांगत गेलो, त्या लिहून घेत गेल्या. चांगला अर्धा तास. आदेश रद्द झाला. पण खरं सांगतो, निकाल यायच्या आधीच, त्या खोलीतून बाहेर पडतानाच माझं पोट भरलं होतं. कुणीतरी ऐकलं होतं.

आता बरं चाललंय. ट्रक काट्यावर जातात, ड्रायव्हर शिव्या घालतात, रविवारी तर्री-पोहे होतात. बायको म्हणते, "जिंकले ना? सोडा आता. पोहे थंड होऊन राहिले."

पोहे खातो. सोडत मात्र नाही. तो आदेश कागदावर रद्द झाला, पण 'हजर राहिला नाही' हे वाक्य कुणाच्या तरी हातानं लिहिलं गेलं. दारासमोर माणूस बसलेला असताना कशाच्या आधारावर लिहिलं? खात्याला माझं एवढंच म्हणणं, त्या साहेबांना बोलवा. तारीख द्या, वेळ द्या, त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या, त्यांनी माझं ऐकलं नाही तरी. आणि मग मला उत्तर द्या. लेखी, सहीनिशी. मी बाहेर बाकावर बसायला तयार आहे.