लाल स्टिकर आणि आपली माणसं

दौंड स्टेशनवर बंगळूरची गाडी लागली तेव्हा आईने माझ्या हातात दिलेल्या पिशवीतून लोणच्याचं तेल गळत होतं. नव्या ड्रेसवर हा एवढा डाग पडला आणि रडायचं सोडून मी चिडचिड करत तो पुसत बसले. वडील, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, खिडकीच्या गजांना धरून उभे होते. "तिकडं आपलं माणूस हुडक आन् त्याला धरून ऱ्हा," ते म्हणाले. "परक्याच्या नादी लागू नको." गाडी हलली. मी तेलकट हातानेच टाटा केला आणि भांडगाव माझ्या मागे राहिलं.

पाबळला लेथ आणि वेल्डिंग शिकलेली, पुढे डिप्लोमा केलेली मुलगी बंगळुरात काय करते, हे गावात अजून कुणाला धड समजलेलं नाही. म्हणून एकदा सांगते. गाडीचा ब्रेक दाबला की आतला लायनर घासतो आणि गाडी थांबते. तो किती घासतो, म्हणजे घर्षण किती, हे मोजायचं एक यंत्र असतं. त्यात एक लोखंडी तबकडी फिरते, तिच्यावर लायनरचा तुकडा दाबायचा आणि ओढ किती बसली ते सेन्सर सांगतो. ते यंत्र खरं बोलतंय का, हे बघायला मी लॅबोरेटऱ्यांमधून हिंडते. हिरवा स्टिकर लावला की यंत्र चालू, लाल लावला की बंद.

या कामात तबकडीवर बोटाचा ठसा उमटला तरी आकडा बदलतो. त्यामुळे माझं डोकं कायमचं बिघडलं आहे. चिकट ग्लास, तेलकट टेबल, मेणचटलेला टॉवेल दिसला की मी आधी फडकं शोधते. शेजारची अक्का रोज "ऊटा आयता?" म्हणून जेवणाची चौकशी करते, तिच्या स्टीलच्या डब्याला कधी ओघळ नसतो, म्हणून ती मला जास्तच आवडते. कानडीतलं मी पहिलं शिकलेलं वाक्य मात्र "स्वल्प अड्जस्ट माडी". जरा सांभाळून घ्या. ज्या लॅबमध्ये हे वाक्य ऐकू येतं तिथे काहीतरी सडलेलं असतं, हा माझा अनुभव. आपल्याकडे असं नसणार, अशी आपली माझी एक समजूत होती.

मागच्या वर्षी शिरूरजवळच्या एका कारखान्याचं काम आलं. मी उडीच मारली. आपली भाषा, आपली माणसं, येताना दोन दिवस घरी. गेटवरच शाल, नारळ, गुलाबाचा हार. लॅबचे प्रमुख शेळके तोंडातला गुटखा कुंडीत थुंकून पुढे आले. मोगऱ्याच्या त्या कुंडीत मातीपेक्षा लाल पिंकाच जास्त होत्या.

"गाव कोणचं म्हणायचं?"

"भांडगाव."

"भांडगावात कुणाच्या?"

मी आप्पांचं नाव सांगितलं.

"आरं तिच्या! मंग आपल्याच की ताई तुम्ही. आप्पांना कोण वळखत न्हाई?"

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं मला कुणी 'कुणाच्या' म्हणून विचारलं नव्हतं.

मग यंत्रावरचं कव्हर काढलं. खंडेनवमीच्या पूजेचा हार अजून चौकटीवर तसाच, काळा पडून चिकटलेला. खाली नारळाच्या पाण्याचे वाळलेले ओघळ आणि त्यावर मुंग्यांची रांग. पूजेचं मला वावडं नाही. मी स्वतः खंडेनवमीला माझ्या तपासणीच्या वजनांना हळदकुंकू लावते आणि दुसऱ्या दिवशी ती स्पिरिटने स्वच्छ धुते. इथे नारळ फोडला थेट तबकडीवर, पाण्याने गंज धरू नये म्हणून वर तेलाचं फडकं फिरवलं. तेलावरून लायनर घसरणारच. चांगला माल नापास होऊ लागला. तेव्हा तबकडी धुवायची की नाही? नाही. यांनी कॉम्प्युटरमधलं सेटिंग वाढवलं आणि आकडा वर आणला. तेल चार दिवसांत जळून गेलं, वाढवलेलं सेटिंग तसंच राहिलं. मी सेन्सरला दहा किलोचं वजन टांगलं तर पडद्यावर बारा. म्हणजे दसऱ्यापासून कमी घासणारे लायनर चांगले म्हणून पास होत होते आणि बसगाड्यांना लागत होते.

"सेटिंग का बदललं?" मी विचारलं.

शेळके काडीने दात कोरत होते. "देवाच्या दिवशी लावल्यालं पुसायचं कसं? मंग आकडा सरळ केला. पर तवापासून एक पीस फेल न्हाई बगा ताई." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. काडी टेबलावर ठेवली, माझ्या चहाशेजारी.

मी बॅगेतून लाल स्टिकर काढला. दसऱ्यापासूनचा माल परत तपासायला लागेल, तोवर एकही पेटी बाहेर जाऊ देऊ नका, असं सांगितलं. शेळक्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"अगं, मी आप्पा बोलतोय."

माझ्या हातात स्टिकर तसाच. लॅबमधली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी.

"शेळकेसायेब आपलं मानूस हाय. ह्या टायमाला हिरवा लाव, पुढच्या टायमाला बग."

"आप्पा, यंत्र जास्त दाखवतंय. ब्रेक लागणार नाहीत गाड्यांचे."

"त्यो काय उसाचा काटा हाय व्हय? आपल्या घरचं काय जातंय?"

उसाचा काटा! या माणसाने उभा जन्म काट्याला शिव्या घातल्या आहेत. ऊस कुठेही घालू द्या, वजनात मारलं म्हणून घरी येऊन जेवणाचं ताट सरकवायचा. काट्यात मारणाऱ्याच्या घरचं पाणी पिऊ नये, हे मला त्यानेच शिकवलं. आणि आता तोच सगळ्यांसमोर मला सांगत होता की दुसऱ्याच्या जिवाचा काटा चुकला तर चुकू दे. मला माझ्या बापाच्या आवाजाची किळस आली. हे लिहिताना लाज वाटते, पण आली ती आली.

मी "ठेवते" म्हणाले आणि लाल स्टिकर लावला. त्यानंतर शेळके मला ताई म्हणाले नाहीत. मॅडम म्हणाले, आणि गेटपासचा कागद खुर्चीतून न उठता पुढे सरकवला.

मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने घरी पोचले. आईने वाढलं. आप्पा ओट्यावर पाठ करून बसले होते. "आपल्या मानसाला तोंडघशी पाडलंस," एवढंच बोलले. मी दोन दिवस राहणार होते, दुसऱ्या सकाळीच निघाले. आईने थांब म्हटलं नाही, तिला दोन्हीकडचं कळत होतं.

ऑफिसमार्फत जिथे कळवायचं तिथे कळवलं. पंधरा-वीस दिवसांनी आप्पांचाच फोन, आवाज अगदी खुशीत. "झालं बरं का त्येंचं काम. दुसरा तपासनारा आनला त्येंनी. हिरवा लावून, जेवून गेला. तुझ्यावाचून काय अडलं न्हाई." आमची पत्रं कुठे गेली, देव जाणे. उत्तर एकच आलं, की कारखान्याकडे आता यंत्राचा चालू दाखला आहे.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणाल पोरगी बाहेर जाऊन शेफारली. म्हणा. आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही परदेशात, परमुलखात बसून गावच्या साधेपणाच्या गोष्टी सांगता तेव्हा मला उमासे येतात. आपली माणसं, आपली माणसं! त्या बसमध्ये बसतात ती कुणाची माणसं असतात? शिरूरची, पाटसची, दौंडचीच ना? त्यांना कुणी विचारलं होतं का, तुम्ही कुणाचे?

तरी मी सुट्टीला गावी जातेच. जाणं सुटत नाही, आप्पांशी धड बोलणं होत नाही तरी. पुण्यातून सोलापूरकडची बस पकडते. यवत गेलं की मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसते. या गाडीच्या चाकात दसऱ्यानंतरचा लायनर आहे की आधीचा, हे ड्रायव्हरला माहीत नाही, कंडक्टरला नाही, कुणालाच नाही. भांडगाव जवळ येतं. आप्पा हायवेला मला घ्यायला आलेले असतात. आता त्यांना नीट दिसत नाही, बस निघून जाईल या भीतीने ते एक पाय डांबरावर टाकून, हात आडवा धरून उभे राहतात. त्यांना वाटतं, हात केला की गाडी थांबतेच. ड्रायव्हर ब्रेकवर पाय देतो, मी सीटखालच्या पत्र्यावर माझा पाय रोवते, आणि काचेला तोंड लावून ओरडते, आप्पा, मागं सरा! मागं सरा!