खालच्या मजल्यावरचा अलाबामाचा नट

माणूस थापा मारतोय हे मला लगेच कळतं. त्यामुळे इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा क्लाइड हेस्टर जेव्हा म्हणाला, ‘मी अमेरिकन टीव्हीवर नट होतो,’ तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं! हा काहीतरी भानगड करून तिकडून पळालेला दिसतोय.

सत्तरी उलटलेला, उंच, शर्टाला कडक इस्त्री. गाव अलाबामातलं, बाप सूतगिरणीत. सैन्यातून जर्मनीत आला, इथल्या इंगेशी लग्न केलं आणि तिला घेऊन कॅलिफोर्नियाला गेला. तिथे वीस वर्षं मालिकांमधून किरकोळ कामं. कधी पेट्रोल पंपवाला, कधी हवालदार, बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत मरणारा. कामं आटली तेव्हा दोघं इंगेच्या गावी परतली. पुढे इंगे वारली, हा एकटाच राहिला.

हे सगळं त्याने आपल्या पाळीचा जिना पुसता पुसता मला सांगितलं. मी म्हटलं, ‘मग दाखवा की एखादी मालिका!’ तर म्हणे, इथे लागतात तेव्हा माझ्या तोंडी भलत्याच जर्मन माणसाचा आवाज असतो, मला बघवत नाही. वा! काय पण सोय!

‘असेल गं,’ माझा नवरा हरीश म्हणाला. तो वोल्फ्सबुर्गला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याला सगळं जग सज्जन वाटतं.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. आमची इरा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची जर्मनमधून. सांगलीहून माझ्या आईचा दर रविवारी फोन यायचा. इरा ‘हालो’ म्हणून रिसीव्हर माझ्या हातात कोंबायची. त्या एप्रिलमध्ये, २००६ साली, आईला अर्धांगाचा झटका आला. वाचली, पण डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची भीती घातली होती. फोनवर ती अडखळत म्हणाली, ‘नीते, पोरगी माझ्याशी बोलत का नाही गं? काय चुकलं माझं?’ मी इराला समजावलं, दटावलं, आमिषं दाखवली. कार्टी ढिम्म हलेना.

आणि मे महिन्यात हीच पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून खाली हेस्टरकडे पळायला लागली. इंग्लिश शिकते म्हणे. एकदा मी जिना उतरत होते. त्याचं दार बंद. माझी पावलं वाजली आणि आतलं बोलणं पटकन थांबलं. बाई गं! रात्री इराला विचारलं, ‘काय करता तिथे?’

‘निश्ट्स.’

काही नाही? काही नाही तर दार कशाला लावावं लागतं? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. माझी मैत्रीण ऊर्मिला म्हणाली, सरळ हाउसफेरवाल्टुंगला पत्र लिही, इमारतीचं सगळं तेच बघतात. मी पत्र लिहायलाही घेतलं. पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि न ठोठावता दार ढकललं.

स्वयंपाकघरात इरा टेबलाशी ताठ उभी होती. हेस्टर लांब खिडकीपाशी, डोळे मिटून, नाटकाची तालीम ऐकावी तसा ऐकत होता. इरा म्हणत होती, ‘आज्जी, तुझा हात अजून दुखतो का?’

मराठीत!

‘मला त्यातलं अक्षरही कळत नाही,’ हेस्टर चाचरत म्हणाला. ‘कुठे घाबरली तेवढं कळतं. मग पुन्हा म्हणायला सांगतो. आणि दार मी नाही लावत, तीच लावते.’

मी गुरकावलेच, ‘ही चोरी कशासाठी?’

तेव्हा तो बोलला. पहिल्यांदा काम मागायला गेला तेव्हा त्याची अलाबामाची बोली ऐकून खोलीभर लोक हसले. त्याने ती घासूनपुसून काढून टाकली. पुढे घरी फोन केला तर आई म्हणाली, ‘तू टीव्हीतल्या माणसासारखा बोलतोस. माझा क्लाइड कुठंय?’ त्याला लाज वाटली, फोन कमी झाले. मग एक दिवस आई गेल्याची तार आली. ‘इराचंही तसंच झालंय,’ तो म्हणाला.

‘पण हिला कोण हसलं?’ मी भडकले. ‘नाव सांग इरा, बघतेच त्याच्याकडे!’

इराने खाली बघत मराठीत उत्तर दिलं, ‘तू. गणपतीत. मी बोलताना चुकले, तर तू सगळ्यांसमोर मला परत परत म्हणायला लावलंस. सगळे हसले. तू जास्त हसलीस.’

अहो, कौतुक होतं ते! सहा वर्षांची होती, बोबडं जर्मन वळणाचं मराठी, इतकं गोड वाटायचं! हेस्टरची क्षमा मागितली, ती धड जमली नाही. घरी येऊन पत्र फाडून टाकलं.

रविवारी फोन वाजला. इराने धावत जाऊन उचलला आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

‘आई,’ ती म्हणाली, ‘तू बाहेर जा ना.’

मी गेले. हरीशने विचारलं, ‘बोलतेय का आईंशी?’

‘बोलतेय,’ मी म्हटलं, ‘पण माझ्यासमोर नाही.’