स्वप्नालीच्या गालाचा शब्द

गहिनीनाथ सरांना इंग्रजीची भीती वाटायची आणि ती त्यांनी बावीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. स्वतः पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवलेला माणूस. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, घाटनांदूरहून मोटारसायकलवर वीस मिनिटांच्या वस्तीवर. पिशवीत कायम शब्दकोश, खाकी कव्हर घातलेला. घरून निघण्याआधी त्यात शब्द पाहायचा, मगच तो फळ्यावर लिहायचा. वस्तीवरचे लोक म्हणायचे, सर लई नेमाचे. नेम कसला, धाक होता नुसता.

माणूस मात्र जीव लावणारा. दसरा झाला की वस्तीवरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात, लेकरंही सोबत जातात आणि वर्ग ओस पडतो. म्हणून गणपती बसले की सर घरोघर फिरायचे, लेकरांना मागं ठेवा म्हणून हात जोडायचे. चौथीतल्या स्वप्नालीसाठी तर त्यांनी तिच्या आईच्या, केशरबाईच्या दारात चार हेलपाटे घातले. चौथ्या वेळी केशरबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला आजीपाशी. शिकू द्या." त्या रात्री सरांना जेवण गोड लागलं.

स्वप्नाली हुशार होती, पण दबलेली. तिच्या डाव्या गालावर खड्डा होता. ती कायम भिंतीच्या कडेला, डावा गाल भिंतीकडं करून बसायची. पोरं तिला 'खड्डी' म्हणायची आणि सरांनी चारदा रागावूनही म्हणायचीच.

उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात मास्तरांना सांगितलं होतं की इंग्रजी शब्द चित्रातून शिकवू नका, मुलांच्या अवतीभवती दिसतं त्यातून शिकवा, वाक्यात वापरून घ्या आणि व्हिडिओ ग्रुपवर टाका. ग्रुपवर आसपासच्या शाळांचे चाळीस मास्तर. तो आठवडा चेहऱ्याचा होता. नाक झालं, भुवई झाली, हनुवटी झाली. त्या दिवशी शब्द निघाला 'डिंपल'. शब्दकोशात अर्थ होता, खळी. आता खळी दाखवायची कुणाची? सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती भिंतीकडं जाऊन थांबली. गालावर खड्डा दिसला, तेवढंच सरांनी पाहिलं.

"स्वप्नाली, पुढं ये बाळा. ही बघा रे, डिंपल!"

"डिंपल म्हंजी काय, सर?" तिनं खाली मान घालून विचारलं.

"म्हणजे गालावरची खळी. सगळ्यांना नसते. लोक कौतुक करतात तिचं."

पोरगी सरांकडं बघतच राहिली. मग मोबाइलसमोर उभी राहून तिनं वर्ग दणाणेल असं म्हटलं, "आय हॅव अ डिंपल!"

दुसऱ्या दिवसापासून ती मधल्या रांगेत बसायला लागली. केस घट्ट मागं बांधून यायची, सगळा गाल दिसेल असे. कुणी खड्डी म्हटलं तर म्हणायची, "खड्डी न्हाई, डिंपल हाय. पुस्तकात हाय ते." पोरं गप्प बसायची, कारण पुस्तकापुढं त्यांचं काय चालणार?

आठ दिवसांनी ग्रुपवर प्रवीण सरांचा निरोप आला. शेजारच्या शाळेतला तरणा मास्तर. "सर, डिंपल हसल्यावर पडते. ही तर जखमेची खूण दिसते. तिला स्कार म्हणतात. मुलांना चुकीचं जाऊ नये." खाली जोडलेले हात. त्याखाली तिघांचे हसरे चेहरे.

सरांचे कान तापले. शब्दकोश पुन्हा उघडला. प्रवीण बरोबर होता. बावीस वर्षं झाकलेली गोष्ट चाळीस जणांसमोर उघडी पडली होती आणि सरांना ती एका रात्रीत निस्तरायची होती. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपताच त्यांनी फळ्यावर 'डिंपल' लिहून त्यावर काट मारली आणि खाली 'स्कार' लिहिलं. अर्थ लिहिला, जखमेचा वण. स्वप्नालीला पुढं बोलावलं. वर्गाकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. व्हिडिओ काढला, टाकला. दुपारपर्यंत अंगठे आले, कुणीतरी लिहिलं, 'चूक सुधारायला मोठं मन लागतं.' सर खुशीत घरी गेले.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. वर्ग ओरडत होता. स्वप्नाली गालावर हात ठेवून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. सकाळी सर मोबाइल धरून तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांना ते दिसलं कसं नाही? चहा त्यांनी तसाच ठेवला.

स्वप्नाली पुन्हा भिंतीला गेली. मग तीन दिवस आलीच नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर तिच्या घरी गेले. केशरबाई ट्रॅक्टरवर न्यायची भांडी पोत्यात भरत होती. तिनं सरांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

"सर, ती दोन वर्साची होती," केशरबाई हात न थांबवता बोलू लागली. "मी मोळी बांधीत व्हते. ही पळत आली अन् तोडलेल्या उसाच्या बुडख्यावर पडली. गालातून आरपार. मी तिला कदी सांगितलं न्हाई. जन्मापसून हाय म्हणले. तुमी त्यो पैला शब्द दिला, तवा वाटलं, सुटले मी. परवा इचारती, माय, जखमेचा वण हाय म्हणत्यात, मंग जखम कशाची? सांगावं लागलं." तिनं पोत्याचं तोंड आवळलं. "पैल्या शब्दानं कुणाचं काय बिगडलं व्हतं? कावून बदलला तुमी?"

सरांना म्हणता आलं असतं, तो चुकीचा होता. ते खरंही होतं.

"माझी लाज झाकायला," ते म्हणाले.

स्वप्नाली दाराआड उभी होती. सर उठून तिच्यासमोर गेले. "बाळा, तुला पुढं उभं केलं ते मी माझ्यासाठी केलं. माझं चुकलं. तू शाळेत ये."

तिनं सरांच्या खिशातल्या मोबाइलकडं पाहिलं. मग म्हणाली, "सर, त्यो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनातून पुसता येतो का?"

सरांनी मोबाइल काढला. दोनतीनदा बोट दाबलं. सगळ्यांच्या फोनातून पुसायची दोन दिवसांची मुदत उलटून गेली होती. "आता फक्त माझ्या फोनातून जाईल."

"मंग मी मायसंगं जाती. तिकडं समदे उसात असत्यात, माझ्या गालाकडं बघायला कुणाला येळ हाय?"

केशरबाईनं पोरीकडं पाहिलं आणि तिचा एक फ्रॉक पोत्यात कोंबला. सरांना चार हेलपाट्यांचं सगळं बोलणं आठवलं, पण त्यातलं एकही वाक्य आता त्यांना म्हणता आलं नाही.

ट्रॅक्टर गुरुवारी पहाटे गेला. शनिवारी सर स्थलांतरित मुलांचा तक्ता भरायला बसले. दरवर्षी भरायचा असतो, नाव, इयत्ता, कारण. स्वप्नालीच्या नावापुढं कारणाची चौकट आली आणि पेन थांबलं. खरं कारण त्यांना माहीत होतं आणि ते लिहायला शब्दकोश लागणार नव्हता. सरांनी एकदा दाराकडं पाहिलं, आणि वरच्या अकरा नावांपुढं लिहिलं होतं तेच लिहिलं, 'पालकांसोबत ऊसतोडीस'.