चिमण्यांच्या मोजणीत मी केलेली लबाडी

साठीला माणसाला वाटतं, आपण आता शहाणे झालो. मला तर जरा जास्तच वाटत होतं. शाळेतून निवृत्त झालेली, हाताला काम नाही, आणि जो तो म्हणत होता की चिमण्या कमी झाल्या. मग मी फळांच्या खोक्यांच्या फळ्यांपासून घरट्यांसाठी पेट्या बनवून घेतल्या आणि हर्सूलच्या आमच्या कॉलनीत, आमच्याच गल्लीत घरोघर टांगल्या. पहिल्या खेपेला भोक मोठं ठेवायला लावलं. अंड्यावर आलेल्या चिमणीला आत शिरताना त्रास नको, हा माझा विचार! सुतारचाचा म्हणाले, "अम्मा, इत्ता बडा छेद नक्को, मैना घुसती." मी त्यांनाच चार गोष्टी सुनावल्या. पेट्यांत साळुंक्या राहायला आल्या. दुसऱ्या खेपेला भोक लहान केलं, आणि कल्पना माझीच म्हणून सगळ्यांना सांगितलं.

पेपरात फोटो आला. फोटोत मी पेटीकडे अशी बघतेय, जणू आतली पिल्लं माझ्याच पोटची.

कॉलनीच्या मागच्या अंगाला मेंदीचं जुनं, दाट कुंपण होतं. दिवस कलला की चिमण्या त्यात शिरायच्या आणि असा कलकलाट करायच्या की शेजारचा रेडिओ ऐकू येत नसे. सोसायटीच्या चेअरमनला तिथं भिंत हवी होती. "काकू, कुंपणातून साप निघतेत, कुत्री घुसतेत. भिंत बांधू अन् तुमच्या पेट्या भिंतीवर ठोकू. चिमण्यांला पक्की घरं!" पक्की घरं म्हटल्यावर मी विरघळले. कुंपण तोडायच्या कागदावर पहिली सही माझी.

सून कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कागद बघून म्हणाली, "आई, पेट्यांमुळं चिमण्या वाढल्या, हे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? दिसत्यात की."

"पेट्या नाहीत त्या गल्लीतही दिसतात."

"त्या माझ्या पेट्यांची ख्याती ऐकून आल्या असतील."

ती हसली नाही. पेट्या खरंच चालतात का ते बघायला तिनं चेअरमनकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली. सगळ्या पेट्या उतरवल्या, धुतल्या, आणि सहा गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकून तीन गल्ल्यांत लावल्या. माझ्या गल्लीच्या नशिबी एकही आली नाही.

"चिठ्ठी कशाला? जिथं चांगली माणसं राहतात तिथं लाव."

"मग चिमण्या पेटीमुळं आल्या का चांगल्या माणसांमुळं, ते कसं कळणार?"

मला हे तेव्हा नुसतं उद्धट वाटलं.

ती रोज सकाळी ठरल्या वेळी प्रत्येक गल्लीत दहा मिनिटं उभी राहून मोजायची. पहिल्या पंधरवड्यात तिच्या वहीत डोकावून पाहिलं. पेट्यांच्या गल्ल्या आणि बिनपेट्यांच्या गल्ल्या, सगळं सारखंच. आता हे कुणाला कळलं तर? तो फोटो अजून हॉलमध्ये लावलेला होता ना.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या आधी फिरायला निघू लागले. पदरात तांदळाची कणी आणि थोडी बाजरी. पेट्यांच्या तीन गल्ल्यांत मुठी-मुठीनं टाकायची आणि साळसूद तोंडानं घरी येऊन चहा ठेवायची. पाखरांना दाणे टाकणं हे काय पाप आहे? माझी आजीही टाकायची.

आकडे फिरले. चेअरमन पेढे घेऊन आला. "काकू, सायन्सनं सिद्ध झालं! सोमवारी तोडणारे येतेत."

सून मात्र शिडी घेऊन पेट्या तपासत हिंडली. एकीत गांधीलमाश्या, एकीत पाल, बहुतेक रिकाम्या. शिडीच्या पायरीवर बसून म्हणाली, "रस्त्यावर इतक्या चिमण्या आणि पेटीत कुणीच नाही. काय चुकतंय ते कळंना."

संध्याकाळी कुंपणाजवळ जाऊन उभी राहिले. तो कलकलाट सोमवारनंतर नसणार होता, आणि तो माझ्या कणीमुळं नसणार होता.

"अगं," मी घरी येऊन म्हणाले, "ते मी केलं."

"काय केलं?"

"कणी."

ती वही उघडून आकड्यांवरून बोट फिरवू लागली. "म्हणजे आई, इतके दिवस मी तुमची कणी मोजली!"

रविवारच्या सभेत मी उभी राहून सगळं सांगितलं. चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हंजे पेट्या चालत नाय?"

"माहीत नाही," सून म्हणाली.

"मग चालतेत?"

"तेही माहीत नाही."

"मॅडम, मग दोन महिने केलं काय?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, "माझी सही मी मागं घेते."

"काकू, सही काय पदर हाय का, घेतला अन् टाकला?"

तासभर भांडण झालं. शेवटी अर्धं कुंपण तोडायचं, अर्धं वर्षभर ठेवायचं, भिंतीवर पेट्या लावायच्या आणि पुन्हा मोजायचं, असं ठरलं. कणी टाकायची मला बंदी.

"आणि कणीवाचून उपाशी मेल्या तर?" मी विचारलं. सून म्हणाली, तेही मोजावं लागेल. इतकं शिकून इतकं कमी माहीत असणारी सून माझ्याच वाट्याला का, असं मनात आलं.

वर्ष झालं. उरलेल्या कुंपणात तुडुंब गर्दी आहे. "बघ, कुंपण जिंकलं!" मी म्हणाले. ती म्हणते, तोडलेल्या भागातल्याच इकडं आल्या असतील. एकूण कमी दिसतात, पण यंदा पाऊसही भलताच पडला. भिंतीवरच्या दोन पेट्यांत घरटी आहेत, पण त्या चिमण्या एरवी कुठं राहिल्या असत्या कोण जाणे. मी डोकं धरून बसते.

परवा चेअरमन उरलेल्या अर्ध्याचा कागद घेऊन आला. मी सुनेला म्हटलं, एकदा ठाम सांग. ती म्हणाली, "ठाम नाही सांगता येत, आई. पण कुंपण एवढं व्हायला वीस वर्षं लागली. मोजायला अजून एक वर्ष थांबता येतं."

"मला काही कळंना झालंय," मी चेअरमनला म्हणाले. "म्हणून सही नाय."

"गेल्या टायमाला तर लगेच केली."

"व्हय. तेव्हा मला सगळं कळत होतं."

तो चहा पिऊन कागद घेऊन गेला. पुढच्या महिन्यात परत येणार आहे. तोवर मोजणीतून काही निघेल का, ते सुनेलाही सांगता येत नाही.